चालणं तुमचं, पण पॉइंट नोंदीला: आरोग्य विम्याचे फिटनेस पॉइंट पदरात पाडून घेण्याची पूर्ण पद्धत

आरोग्य विम्याच्या अनेक नव्या योजनांमध्ये आता एक आश्वासन असतं: रोज चाला, व्यायाम करा आणि प्रीमियमचा काही भाग परत मिळवा. आश्वासन खरं आहे. मात्र विमा कंपनी तुमचं चालणं पाहत नाही, तिच्या सर्व्हरवर पोहोचलेली नोंद पाहते. मनगटावरच्या पट्ट्यापासून त्या सर्व्हरपर्यंत चार-पाच सांधे आहेत. त्यातला एक निखळला की रोज पहाटे तळजाईला किंवा शिवाजी पार्कला फेऱ्या मारूनही महिनाअखेरीस खात्यात शून्य दिसतं. म्हणून या लेखात व्यायामाइतकंच लक्ष त्या सांध्यांकडे दिलं आहे.

हे पॉइंट येतात कुठून

भारतात अशा योजनांना मोकळं मैदान मिळालं ते विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमुळे. आरोग्य राखणाऱ्या ग्राहकाला कंपनीने पॉइंट द्यावेत आणि ते कशाकशासाठी वापरता यावेत, हे त्या सूचनांत आलं: डॉक्टरांची बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, रक्ताच्या चाचण्या, जिम किंवा योगवर्गाचं सदस्यत्व, नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियममध्ये सूट किंवा वाढीव विमा रक्कम. बँक खात्यात रोख जमा होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रत्यक्षात दोन प्रकारच्या योजना भेटतात. पहिल्या प्रकारात दर महिन्याला हिशेब होतो. आदित्य बिर्ला हेल्थ इन्शुरन्सची पद्धत या प्रकारातली. ही कंपनी २०१६ साली दक्षिण आफ्रिकेच्या मोमेंटम समूहाच्या भागीदारीत सुरू झाली आणि ‘हेल्थ रिटर्न्स’, ‘ॲक्टिव्ह डेज’, ‘हेल्दी हार्ट स्कोअर’ ही सगळी मांडणी तिकडूनच आली. तिच्या ॲक्टिव्ह हेल्थ योजनेच्या मूळ रचनेत महिन्यात १३ सक्रिय दिवस भरले आणि हृदयाचा स्कोअर (आरोग्य तपासणीवरून ठरणारी श्रेणी) हिरवा, म्हणजे सगळ्यात चांगला असला, की त्या महिन्याच्या प्रीमियमच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम खात्यात जमा होत असे. नंतरच्या ॲक्टिव्ह वनसारख्या योजनांमध्ये ही मर्यादा १०० टक्क्यांपर्यंत जाहीर केली आहे. दुसऱ्या प्रकारात वर्षभराची बेरीज धरून नूतनीकरणाच्या प्रीमियमवर सूट मिळते. केअर सुप्रीम आणि निवा बुपाची रीअ‍ॅश्युअर २.० या त्या जातीच्या, दोन्हींत ३० टक्क्यांपर्यंत सूट.

हा फरक मोठा आहे. महिन्याच्या योजनेत जूनमध्ये आजारी पडलात तर फक्त जून गेला, जुलैत पाटी कोरी. वर्षाच्या योजनेत जूनमधले वाया गेलेले दिवस पुढच्या महिन्यांत भरून काढता येतात, पण आळस साचत गेला तर जानेवारीत कितीही धावलात तरी आकडा गाठता येत नाही. आपली योजना कोणत्या प्रकारची हे आधी ठरवा, मगच पुढचं नियोजन.

पॉलिसी घेताना, पहिल्या ३० दिवसांत

केवळ पॉइंटसाठी पॉलिसी घेऊ नका, हे आम्ही ठासून सांगतो. खोलीभाड्याची मर्यादा, जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, को-पे (बिलातला तुम्ही भरायचा वाटा), तुमच्या गावातली किंवा तालुक्यातली नेटवर्क रुग्णालयं, या गोष्टी आधी. दोन पॉलिसी या सगळ्यांत तुल्यबळ ठरल्या, तरच पॉइंटांचा विचार निर्णायक मानावा.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक काळ असतो. पटली नाही तर या मुदतीत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी पैसे परत मिळतात. फ्री-लूकचा हा उपयोग फारसा कुणी करत नाही: पहिल्याच आठवड्यात कंपनीचं ॲप बसवा, घड्याळ जोडा, चार दिवस चाला आणि पावलं पोहोचतात का ते पाहा. नाही पोहोचली आणि ग्राहक सेवेलाही सोडवता आलं नाही, तर निर्णय बदलायला तुमच्याकडे वेळ शिल्लक असतो.

त्याच आठवड्यात पॉलिसी वर्डिंगची, म्हणजे कराराच्या पूर्ण मजकुराची, पीडीएफ उघडा. जाहिरातीचं पत्रक नव्हे, एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र तर नव्हेच. त्यात वेलनेसचं कलम शोधा आणि या प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा:

- एक सक्रिय दिवस कशाने भरतो? फक्त पावलांनी, की कॅलरी आणि जिमचीही सोय आहे?
- महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, की पॉलिसीचा? पॉलिसी १७ तारखेला सुरू झाली असेल तर पॉलिसीचा महिना १७ ते १६ धावतो.
- वार्षिक योजनेत मोजणी शेवटच्या दिवसापर्यंत चालते, की नूतनीकरणाच्या काही आठवडे आधीच थांबते?
- फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत, प्रत्येक प्रौढाची मोजणी वेगळी आहे का?
- आरोग्य तपासणी सक्तीची आहे का, आणि किती दिवसांत करायची?
- पॉइंट कधी बाद होतात?

चौथ्या प्रश्नाकडे नीट बघा. बऱ्याच फ्लोटरमध्ये प्रीमियम सदस्यांत वाटून धरतात आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याचं मिळवायचं असतं. पती रोज बारा हजार पावलं चालतो आणि पत्नीच्या फोनवर ॲपच नाही, अशी स्थिती असेल तर अर्ध्या प्रीमियमवरचा हक्क सोडून दिल्यासारखं होतं. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात मात्र बहुधा अशी प्रीमियम परतीची सोय नसते. तिथे व्हाउचर किंवा स्पर्धा असतात.

एक दिवस भरायला नेमकं किती करावं लागतं

आदित्य बिर्लाच्या नियमांत सक्रिय दिवस असा भरतो: दिवसात १०,००० पावलं, किंवा एकाच व्यायाम सत्रात ३०० कॅलरी, किंवा कंपनीच्या यादीतल्या जिम अथवा योगकेंद्रात किमान ३० मिनिटं. वेळेची नोंद असलेलं प्रमाणपत्र देणारी मॅरेथॉन, वॉकेथॉन, सायक्लोथॉनही धरतात. इतर योजनांत बहुतांशी पावलांवरच भर असतो.

१०,००० पावलं म्हणजे, एक पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर, ७ किलोमीटर. मिनिटाला १०० पावलं या मध्यम वेगाने सलग चाललात तर १०० मिनिटं. बैठ्या नोकरीत घर, स्टेशन, ऑफिस मिळून तीन-चार हजार पावलं आपोआप पडतात. उरलेल्या सहा-सात हजारांसाठी भरभर चालीने तासभर लागतो. हा तास सलग मिळालाच पाहिजे असं नाही. सकाळी ३० मिनिटं, जेवणानंतर १५ आणि संध्याकाळी उतरण्याच्या स्टॉपच्या एक स्टॉप आधी उतरून १५, असं जोडलं तरी पावलांच्या हिशेबात चालतं.

कॅलरींचं तसं नाही. ‘एकाच सत्रात’ ही अट असते, म्हणून सत्र सुरू करायचं बटण दाबावं लागतं आणि मध्ये तोडून चालत नाही. हिशेबाचं सूत्र सोपं आहे: मिनिटाला कॅलरी = मेट × ३.५ × वजन भागिले २००. मेट म्हणजे त्या हालचालीचा जोर, स्वस्थ बसण्याच्या किती पट ते सांगणारा आकडा. ७० किलो वजनाच्या माणसाला ३०० कॅलरींसाठी लागणारा वेळ असा निघतो:

- भरभर चालणं, ताशी साडेपाच किलोमीटर, मेट ४.३: सुमारे ५७ मिनिटं
- ताशी ८ किलोमीटरने धावणं, मेट ८.३: सुमारे ३० मिनिटं
- ताशी १९ ते २२ किलोमीटरने सायकल, मेट ८: सुमारे ३१ मिनिटं
- सूर्यनमस्कार, मेट ३.३: सुमारे ७४ मिनिटं
- संथ हठयोग, मेट २.५: सुमारे ९८ मिनिटं

वजन ५५ किलो असेल तर त्याच चालण्याला ७२ मिनिटं लागतात. हलक्या शरीराच्या माणसाला कॅलरीचा रस्ता महाग पडतो. त्याने पावलांचा धरावा. उलट सायकल चालवणाऱ्याला आणि पोहणाऱ्याला पावलांचा रस्ता बंदच असतो, कारण पॅडल मारताना मनगट हँडलवर स्थिर राहतं. त्यांना कॅलरीच उपयोगी.

इथे एक गफलत सतत होते. घड्याळावर ‘एकूण’ आणि ‘सक्रिय’ अशा दोन कॅलरी असतात. एकूण आकड्यात नुसतं बसूनही जळणारी ऊर्जा मिळवलेली असते. विमा कंपनी फक्त सक्रिय कॅलरी धरत असेल तर ७० किलोच्या माणसाचं वरचं ५७ मिनिटांचं चालणं ७४ मिनिटांवर जातं. पहिल्या आठवड्यात एका सत्राचे घड्याळावरचे दोन्ही आकडे आणि विमा ॲपमधला आकडा शेजारी ठेवून पाहा, कोणता धरला आहे ते लगेच कळेल. घड्याळात वजनही खरं भरा. वजन वाढवून टाकलं की कॅलरी फुगतात, पण आरोग्य तपासणीत खरं वजन नोंदलं जातंच आणि दोन्ही नोंदी एकाच कंपनीकडे असतात.

आषाढी वारीत रोज वीस किलोमीटर चालणाऱ्यांसाठी, किंवा रविवारी राजगड-तोरणा करणाऱ्यांसाठी: पंचवीस हजार पावलं झाली तरी तो एकच दिवस. जादा पावलं दुसऱ्या दिवशी जमा होत नाहीत. शर्यतींचंही नीट वाचा. मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन वेळ न मोजता होते, त्यामुळे वेळेची अट असलेल्या कलमात ती बसत नाही. दहा किलोमीटर, अर्ध मॅरेथॉन आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये चिपने वेळ मोजतात. प्रमाणपत्र पीडीएफमध्ये उतरवून ठेवा.

जोडणी: सगळ्यात जास्त पॉइंट इथेच गळतात

महागडं घड्याळ घ्यायची गरज नाही. खिशातला फोनही पावलं मोजतो. अडचण एवढीच की फोन कायम अंगावर नसतो. स्वयंपाकघरात तो ओट्यावर असतो, शेतात बांधावरच्या पिशवीत, ऑफिसात चार्जरला. साडीला खिसा नाही, म्हणून घरात दिवसभर वावरणाऱ्या बाईची निम्मी पावलं फोनपर्यंत पोहोचतच नाहीत. अशांना साधा दोन-तीन हजारांचा पट्टाही मोठा फरक पाडतो.

पट्टा विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: याचं ॲप हेल्थ कनेक्टमध्ये (अँड्रॉइड फोनवर आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवून इतर ॲपना देणारी सोय), आणि आयफोन असेल तर ॲपल हेल्थमध्ये, नोंदी लिहितं का? नॉइज, बोट, फायर-बोल्ट, शाओमी, सॅमसंग, गार्मिन, फिटबिट, प्रत्येकाचं आपापलं ॲप आहे, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांनाही कधी वेगळं ॲप लागतं. तुमच्या मॉडेलचं ॲप दुसऱ्याला नोंदी देतच नसेल, तर पडद्यावर दहा हजार दिसतील आणि विमा कंपनीला काहीही कळणार नाही. विमा ॲपमधली ‘डिव्हाइस जोडा’ ही यादी उघडूनच खरेदीला जा.

अँड्रॉइडवर क्रम असा ठेवा.

१. घड्याळाचं ॲप बसवा, जन्मतारीख, उंची, वजन आणि कोणत्या हातावर बांधणार ते भरा. पट्टा ज्या हाताने लिहीत नाही त्या हातावर बांधा. पोळ्या लाटताना, कपडे घासताना खोटी पावलं कमी पडतात.

२. फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘हेल्थ कनेक्ट’ टाइप करा. अँड्रॉइड १४ पासून ते फोनमध्येच असतं. त्याआधीच्या फोनवर प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं.

३. घड्याळाच्या ॲपला हेल्थ कनेक्टमध्ये लिहिण्याची परवानगी द्या: पावलं, अंतर, कॅलरी, व्यायाम सत्र, हृदयगती.

४. विमा ॲपला त्याच गोष्टी वाचण्याची परवानगी द्या. मागच्या नोंदी आणि पार्श्वभूमीत वाचणं या दोन परवानग्या वेगळ्या विचारल्या तर त्याही द्या. साधारणतः परवानगी दिल्याच्या आधीच्या ३० दिवसांपलीकडचं वाचता येत नाही. म्हणून जोडणी महिनाभर लांबवली की मागचं कायमचं गेलं.

५. हेल्थ कनेक्टमधल्या प्राधान्यक्रमात घड्याळाचं ॲप सगळ्यात वर ठेवा. फोन आणि घड्याळ दोन्ही पावलं लिहीत असतील तर कोणाचं धरायचं हे त्यावरून ठरतं.

६. फोनच्या सेटिंग्जमध्ये घड्याळाचं ॲप आणि विमा ॲप या दोघांची बॅटरी बचत बंद करा. शाओमीवर ‘ऑटोस्टार्ट’ चालू, रिअलमी-ओप्पोवर ‘ऑटो लाँच’ चालू, सॅमसंगवर ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’च्या यादीत दोन्ही ॲप. घड्याळाने नीट मोजलेलं फोनवर अडकून राहतं ते बहुधा याच कारणाने.

अजून गुगल फिटवर अवलंबून असलेल्या जुन्या जोडण्या असतील तर त्या हलवा. गुगलने फिटच्या जोडणीची यंत्रणा बंद करायचं २०२४ मध्येच जाहीर केलं आणि त्याजागी हेल्थ कनेक्ट आणलं. जुनी जोडणी एखाद्या दिवशी गुपचूप थांबते, निरोप येत नाही.

आयफोनवर पायऱ्या कमी आहेत. सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या भागात ‘मोशन अँड फिटनेस’मध्ये मोजणी चालू आहे का पाहा. मग हेल्थ ॲपमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून ॲपच्या यादीत विमा ॲप उघडा आणि सगळे खटके चालू करा. इथली एक खोच माहीत हवी: वाचायची परवानगी नाकारली गेली असेल तर आयफोन ते विमा ॲपला कळवतच नाही, त्याला फक्त रिकामी नोंद दिसते. त्यामुळे ‘जोडलेलं आहे’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतानाही पावलं शून्य असू शकतात. दुसरं म्हणजे फोन लॉक असताना आरोग्याच्या नोंदी कुलूपबंद असतात. विमा ॲप अधूनमधून स्वतः उघडा, नुसतं फोनात असून भागत नाही.

ही सवय दोन्ही फोनना लागू: रोज रात्री जेवणानंतर आधी घड्याळाचं ॲप उघडून खाली ओढा, ते ताजं झालं की विमा ॲप उघडून खाली ओढा. क्रम उलटा केला तर विमा ॲप कालचंच वाचतं. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं. ट्रेकला नेटवर्क नव्हतं तरी घाबरू नका. मोजणी घड्याळात साठते, घरी आल्यावर लगेच ताजी करा. आठवडाभर लांबवू नका, कारण उशिरा आलेल्या नोंदी किती दिवसांपर्यंत स्वीकारायच्या हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

आकडा जुळत नाही तेव्हा

घड्याळ ट्रॉली ढकलताना, बाळाची गाडी धरताना, ट्रेडमिलचा दांडा पकडून चालताना पावलं खातं, कारण ते हाताच्या झोक्यावरून अंदाज करतं. ट्रेडमिलवर हात मोकळे सोडा, किंवा तेवढा वेळ फोन खिशात ठेवा. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतील तरी तेच. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवरून जाताना मात्र उलटं होतं, न चाललेली पावलं चढतात. ती पकडून दिवस भरू नका. वेग आणि अंतर यांचा मेळ बसत नाही तेव्हा कंपनी नोंद बाद करू शकते.

हाताने भरलेली पावलं धरली जात नाहीत. ॲपल हेल्थ आणि हेल्थ कनेक्ट दोघंही नोंद यंत्राने केली की माणसाने, याची खूण सोबत पाठवतात. पट्टा मुलाच्या हाताला बांधणं, पंख्याला किंवा झुलणाऱ्या यंत्राला लावणं, हे तर विमा कंपनीला खोटी माहिती देणंच. काहीशे रुपयांसाठी ज्या कराराच्या भरवशावर पाच-दहा लाखांचं ऑपरेशन उभं आहे त्यात खोट शिरू देऊ नका.

पहाटे साडेपाचच्या आधीचं चालणं आदल्या दिवशी दिसतंय? तर कुठेतरी ग्रिनिच वेळ धरली जाते आहे; भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. फोन आणि घड्याळाची वेळ ‘आपोआप’वर ठेवा, आणि तरीही तसंच दिसलं तर पडद्याची छायाचित्रं जोडून कंपनीला कळवा. तोवर फेरी साडेपाचनंतर काढा. रात्री शतपावली करणाऱ्यांनी बारा वाजायच्या आत आकडा गाठावा, ९,८०० वर दिवस मावळला तर त्याला पॉइंट नाही.

दोन-तीन महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःहून काढून घेतो. फोन बदलला, ॲप पुन्हा बसवलं किंवा सिस्टिम अपडेट झालं, की परवानग्या पुन्हा तपासा. आठवड्यातून एकदा, समजा दर रविवारी, घड्याळावरचे सात दिवस आणि विमा ॲपमधले सात दिवस शेजारी ठेवून पाहिलेत तर गळती फार तर सात दिवसांची होईल.

आरोग्य तपासणी: अर्ध गणित तिच्यात आहे

मासिक परताव्याच्या योजनांमध्ये नुसती पावलं पुरत नाहीत. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन-उंची आणि तंबाखूचा वापर यांवरून हृदयाचा स्कोअर ठरतो: हिरवा, पिवळसर की लाल. सारखीच पावलं चाललेल्या दोघांना यावरून वेगवेगळा परतावा मिळतो. तपासणीच झाली नसेल तर बऱ्याच वेळा मोजणीच सुरू होत नाही. म्हणून पॉलिसी सुरू झाल्याबरोबर पहिल्या पंधरवड्यात ती उरकून घ्या, आणि वर्षभराने मुदत संपायच्या आधी पुन्हा.

आकडा खरा यावा म्हणून: रक्तासाठी १० ते १२ तास उपाशी, पाणी चालेल. आदल्या दिवशी जड व्यायाम आणि दारू नको. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा, आणि मोजताना बोलू नका. घाईघाईत जिने चढून आल्यावर मोजलेला रक्तदाब वर्षभर तुमच्या नावावर राहतो. दुसऱ्यांदा मोजायला सांगा, तंत्रज्ञ नाही म्हणत नाहीत. नेहमीची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

या अहवालामुळे प्रीमियम वाढेल का, ही भीती रास्त आहे. पॉलिसी सुरू झाल्यावर साखर सापडली म्हणून चालू पॉलिसीच्या नूतनीकरणावर तुमच्यापुरता जादा आकार लावला जात नाही. पण पुढे विमा रक्कम वाढवायची असेल किंवा पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवायची, म्हणजे पोर्ट करायची असेल, तेव्हा हा आजार सांगावाच लागतो आणि तेव्हा तो विचारात घेतला जातो. विमा रक्कम वाढवण्याचा बेत मनात असेल तर तो आधी अमलात आणा. आधीपासून असलेला आजार प्रस्ताव अर्जात लपवलेला असेल, तर वेलनेस तपासणी ही तो उघड होण्याची पहिली जागा ठरते.

महिन्याचं वेळापत्रक

१३ दिवसांचं लक्ष्य असेल तर १६ चं ठेवा. पहिल्या पंधरा दिवसांत ९ दिवस भरले पाहिजेत. शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेले दिवस लग्न, ताप आणि पाऊस यांत जातात. पैशांत सांगायचं तर: वार्षिक प्रीमियम १८,००० रुपये, महिन्याचे १,५००, वरच्या टप्प्याला ३० टक्के म्हणजे ४५०. समजा खालचा टप्पा १८ टक्क्यांचा आहे, तर तेराव्या दिवशी आळस केल्याची किंमत १८० रुपये. हाच हिशेब उलटाही करा: फक्त पॉइंटसाठी महिना दीड हजाराचं जिम लावणं परवडत नाही.

आज रोज चार हजार पावलं पडत असतील तर उद्या दहावर उडी नको. दर आठवड्याला हजार-दीड हजाराने वाढवा, पाच-सहा आठवड्यांत पोहोचाल. टाच, नडगी आणि गुडघे यांचं दुखणं घाईनेच मागे लागतं, आणि दुखऱ्या पायाने पुढचे दोन महिने जातात. मधुमेह, हृदयविकार, छातीत दुखण्याचा त्रास किंवा सांधेदुखी असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोला. दहा हजार या आकड्यामागे वैद्यकीय नियम नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रापासून तो रुळला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात साधारण ७,५०० पावलांनंतर आयुर्मानाचा फायदा स्थिरावलेला दिसला. विम्याला साडेसात हजारांत पॉइंट नाही, शरीराला मात्र त्यांचा उपयोग आहे. म्हणून ज्या दिवशी दहा हजार होणार नाहीत हे दुपारीच दिसतं, त्या दिवशीही चाला.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात फेरी सकाळी आठच्या आत संपवा. कोकणातल्या जुलैत इमारतीचे मजले, लांब ओसरी, जागच्या जागी पाय उचलून चालणं, हे सगळं पट्टा मोजतो, फक्त हात मोकळे हलू द्या. वार्षिक योजनेत या दोन महिन्यांची तूट हिवाळ्यात भरून काढायची जागा आधीच धरून ठेवा.

पॉइंट वापरणं, आणि अडलं तर

साठलेली रक्कम अनेक योजनांत औषधं, चाचण्या किंवा पुढचा प्रीमियम यांसाठी वापरता येते. आमचं मत: घरात नेहमीची औषधं चालू नसतील तर ती प्रीमियमला लावा. औषधांच्या परताव्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल लागतं, आणि छोट्या बिलांचा पाठपुरावा करताना माणूस कंटाळतो. प्रीमियमला लावायची असेल तर नूतनीकरणाची रक्कम भरण्यापूर्वी ॲपमध्ये तशी निवड करा. बँकेतून आपोआप हप्ता जात असेल तर पूर्ण रक्कम आधी कापली जाते आणि सूट बाजूला राहते.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट होताना प्रतीक्षा काळाचं श्रेय सोबत जातं, पॉइंट जात नाहीत. पोर्टचा अर्ज मुदतीच्या निदान दीड महिना आधी करायचा असतो. त्याच सुमारास खातं रिकामं करा.

विमा ॲप पावलांसोबत हृदयगती, झोप, ठिकाण यांचीही परवानगी मागतं. पॉइंटला जे लागतं तेवढंच द्या. पावलांवर चालणाऱ्या योजनेला तुमचं ठिकाण लागत नाही, फोनमधले संपर्क तर नाहीतच. पॉलिसी सोडलीत तर ॲप काढून टाकण्याआधी हेल्थ कनेक्टमधली परवानगी रद्द करा आणि खातं बंद करण्याची विनंती ईमेलने पाठवा.

पॉइंट आले नाहीत तर फोनवर वाद घालत बसू नका. तक्रार विभागाला ईमेल करा: पॉलिसी क्रमांक, नेमक्या तारखा, त्या दिवसांची घड्याळाच्या ॲपची आणि विमा ॲपची छायाचित्रं, फोन आणि घड्याळाचं मॉडेल, पॉलिसी वर्डिंगमधल्या कलमाचा क्रमांक. समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते; मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं, आणि वकील लागत नाही.